हप्ता माझा, किल्ली कुणाची?

"बाई, तुमच्या दारात चार चाकाची गाडी हाय न्हवं? मग हितं कशापायी ताटकळता?"

स्टँडवरच्या बाकाशेजारी भाजीची पाटी टेकवून बसलेल्या मावशींनी असं विचारलं, तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजत होते. मावशी बाजाराच्या गावाला निघालेल्या, मी शाळेला. "ह्यांना लागते हो गाडी," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तेवढ्यात आमची बस फलाटावर लागली. मावशींची पाटी वर घ्यायला हात लावला आणि विषय तिथंच राहिला.

पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. खरंच की! गाडीचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो. आणि गाडी घेतल्यापासून मी तिच्यात बसले किती वेळा? लग्नं, जत्रा, दवाखाना. रोजचा माझा प्रवास अजून एसटीचाच. संध्याकाळी घरी आल्यावर मी हिशेबाची वही काढली. मला जुनी खोड आहे, सगळं वहीत लिहून ठेवायची. दूधवाल्याचे खाडे लिहायचे तसे गाडीतले माझे प्रवासही मी मागच्या पानावर लिहीत होते. वर्षाचे मोजले. अकरा भरले!

मैत्रिणींनो, "कार घ्यावी की एसटीच बरी" हा प्रश्न आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातही घरोघरी येतोच. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी पाच घरांतही चारचाकी नव्हती. आज आमच्याच गल्लीत सात आहेत, आणि दारापुढे लावायला जागा नाही म्हणून रोजची भांडणं. पण हा प्रश्न घरात निघतो तेव्हा बोलतं कोण? नवरा बोलतो, दीर बोलतो, मेव्हणा येऊन सल्ला देऊन जातो, शोरूमचा पोरगा तर बोलतच असतो. आपण चहा ठेवतो. आमच्याकडे हेच झालं. ते कसं, हेच आज सांगायचंय.

आधी माझी एसटी. घर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, शाळा तिथून चौतीस किलोमीटरवर, डोंगराच्या अंगाला. एकोणीस वर्षं मी हा रस्ता एसटीनं केलाय. आमच्याकडे "गाडी आली का?" असं कुणी विचारलं की अजूनही त्याचा अर्थ एसटी आली का, असाच असतो. लेक पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत ह्याच गाडीनं गेले. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, चढताना पदर खोचायचा, सुट्टे पैसे आधीच मुठीत ठेवायचे, हे सगळं अंगवळणी पडलेलं. कुठला कंडक्टर थांबवतो आणि कुठला बघूनही डबल बेल देतो, हेही पाठ.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला सुटली. त्या नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. माझी आजी सांगायची, एसटी आली आणि लेकींना माहेर जवळ झालं. तिच्या आधीच्या बायका बैलगाडीची वाट बघत, म्हणजे पर्यायानं घरातल्या पुरुषाची. तिकिटाचे पैसे असले की बाई आपली आपण गाडीत बसून निघू शकते, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. आजीला वाटत नव्हती. ती अखेरपर्यंत तिकीट बोचक्यात जपून ठेवायची, उतरल्यावरसुद्धा.

आणि एक गंमत सांगते. एसटीतला तो सव्वा तास हा दिवसातला एकच तास माझा असतो. घरात मी कुणाची तरी बायको, सून, आई. शाळेत बाई. गाडीत खिडकीपाशी मी कुणाची कुणी नसते. झोपते, वह्या तपासते, नाहीतर नुसती बाहेर बघते. सहकारी शिक्षक म्हणतात, कारनं तुमचे रोज दीड-दोन तास वाचतील. वाचतील हो. पण ते वाचलेले तास कुठं जातील ते मला ठाऊक आहे. पोळ्या, भांडी आणि "आता लवकर येतेस तर..." ह्यात.

पण एसटीचं सगळं गोडच, असं सांगायला मी बसलेले नाही. पावसाळ्यात गळकं छत, उन्हाळ्यात मधेच बंद पडलेली गाडी, आणि स्टँडवरचं ते स्वच्छतागृह, ज्याच्याविषयी न बोललेलं बरं. किती जणी त्या भीतीनं सकाळपासून पाणीच पीत नाहीत, डॉक्टरणींना विचारा. शेवटची गाडी चुकली की पोटात जो गोळा येतो, तोही तुमच्या-माझ्या ओळखीचा.

मग आला नोव्हेंबर २०२१. कोरोनानंतर शाळा कुठं नुकत्या उघडल्या होत्या आणि एसटीचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांची मागणी होती विलीनीकरणाची, पगाराची. माझ्या वर्गात एका कंडक्टरची मुलगी आहे, त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मी जवळून पाहिलं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण एप्रिल २०२२ पर्यंत, जवळजवळ साडेपाच महिने, आमच्या रस्त्यावर लाल गाडी नीट धावली नाही.

तेव्हा आम्ही वडापनं जायचो. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खच्चून माणसं भरलेली जीप. नऊ जणांच्या जागेत सोळा जण. मागच्या पायरीवर दोघं लोंबकळणारे, आणि आत बायकांनी अंग चोरून बसायचं. भाडं तो म्हणेल ते. मी नोकरी करणारी, मला जावंच लागायचं. पण नववीतल्या, दहावीतल्या मुली? वरच्या वाडीतून शाळेत येणाऱ्या माझ्या सहा मुलींपैकी चौघी यायच्या थांबल्या. आईबाप म्हणाले, वडापात पोरगी बसवायची नाही. त्यांचं तरी काय चुकलं? गावाकडच्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत शाळेला जायला एसटीचा पास मोफत असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. चौघींच्याही दप्तरात पास होता. गाडीच नव्हती, तर पास घेऊन काय करायचं? संप मिटल्यावर चौघींपैकी तिघी परत आल्या. एक आली नाही. मे महिन्यात तिचं लग्न झालं, त्याचं आमंत्रणही मला होतं. मी गेले नाही.

ह्याच संपात आमच्या घरात कारचा विषय निघाला. निमित्त झालं सासूबाईंच्या दुखण्याचं. जानेवारीतली थंडी, रात्रीचे दोन, आणि त्यांना श्वास घेता येईना. आमच्याकडे मोटारसायकल एक. शेजारच्या भाऊंना उठवलं, त्यांनी बिचाऱ्यांनी स्वेटरही न घालता गाडी काढली. आई बचावल्या. (१०८ नंबरला फोन केला की सरकारी ॲम्ब्युलन्स फुकट येते, हे आम्हाला त्या गोंधळात सुचलंच नाही. तुम्ही मात्र हा नंबर आत्ताच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.) सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ह्यांनी ठरवून टाकलं, "आता गाडी घ्यायचीच." मीही मान हलवली. त्या रात्री कुणीही हलवली असती.

२०२२ च्या दसऱ्याला गाडी दारात आली. माझ्या वेतन आयोगाच्या थकबाकीतले एक लाख आधी भरले, पाच लाख कर्ज. सात वर्षं, नऊ टक्के. महिन्याला हप्ता आठ हजार पंचेचाळीस. सासूबाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले. जाऊबाई म्हणाल्या, "आता काय बाई, मॅडम गाडीतनं शाळेला जाणार!" मला तेव्हा छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली ह्यांच्या खिशात गेली आणि तिथंच राहिली. ह्यांची पतसंस्था घरापासून अडीच किलोमीटर. गाडी सकाळी तिथं जाऊन उभी राहते, दिवसभर उन्हात तापते, संध्याकाळी परत येते. मी चौतीस किलोमीटर एसटीनं. ह्यात ह्यांचा दुष्टावा होता असं नाही हं. मला गाडी येत नव्हती, ह्यांना येत होती. ज्याला येते त्याची किल्ली, इतकं ते सरळ होतं. कुणी काही ठरवलंच नव्हतं, म्हणून कुणाशी भांडायचीही सोय नव्हती.

त्यातच मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं एसटीत महिलांना सरसकट निम्मं तिकीट केलं. शेजारच्या कर्नाटकात त्याच वर्षी जूनपासून तिथल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीटच उरलं नाही. कार घेऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि माझं तिकीट अर्ध्यावर आलं! मी ह्यांना गमतीनं म्हटलं, "थोडं थांबलो असतो तर?" हे म्हणाले, "तिकिटासाठी कुणी गाडी घेतं का?"

बरोबरच आहे. मग कशासाठी घेतं? त्या मावशींनी विचारलं त्या रात्री मी वहीत दोन रकाने आखले.

पहिला रकाना एसटीचा. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर असतं. जानेवारी २०२५ मध्ये ते जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं आणि एका टप्प्याला दहा रुपये पाच पैसे झालं. माझे टप्पे सहा, म्हणजे साठ रुपये. अर्धं तिकीट, म्हणजे तीस. जाऊन-येऊन साठ, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर चौदाशे चाळीस. (वहीत तेव्हा जुन्या भाड्यानं ह्याहूनही कमी आकडा होता, तुमच्यासाठी नवा लिहिला.)

दुसरा रकाना, मी रोज कारनं गेले तर. महिन्याला सोळाशे बत्तीस किलोमीटर. गाडी लिटरला अठरा देते, कंपनी काहीही सांगो. म्हणजे नव्वदच्या वर लिटर पेट्रोल, नऊ-साडेनऊ हजार रुपये. त्यात हप्ता आठ हजार. विमा, सर्व्हिसिंग, पंक्चर, वर्षातून कधी टायर, हे महिन्यावर वाटलं तर दीड हजार तरी. एकोणीस हजार रुपये! चौदाशे चाळीस कुठं आणि एकोणीस हजार कुठं.

आणि गाडी रोज नेलीच नाही, नुसती दारात ठेवली, तरी हप्ता आणि विमा मिळून नऊ-साडेनऊ हजार जातातच. आमच्या ओळखीचा गाडीवाला साताऱ्याला दवाखान्यात नेऊन आणायचे दोन-अडीच हजार घेतो. म्हणजे त्याच पैशांत महिन्यातून चार वेळा भाड्याची गाडी करता आली असती. आमचं महिन्याला एकदाही साताऱ्याला जाणं होत नाही. शिवाय गाडी म्हणजे सोनं नव्हे. विमा कंपनीच्या हिशेबानं एक वर्ष उलटलं की तिची किंमत वीस टक्क्यांनी कमी धरतात, चार वर्षं उलटली की निम्मी. आम्ही कर्ज फेडणार सात वर्षं, आणि व्याजच जाणार पावणेदोन लाख. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी तेवढ्याच पैशांत शिवणयंत्रं घेऊन तीन बायकांना काम दिलंय, हे आठवून मला जरा चटका बसला.

हिशेब असा एकतर्फी निघाल्यावर मला खरं तर वही ह्यांच्यापुढे आपटावीशी वाटत होती. पण आपटली नाही. कारण जानेवारीतली ती रात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. रात्री दोनला भाड्याचा गाडीवाला फोन उचलत नाही. सासूबाई आता निर्धास्त झोपतात, "दारात गाडी हाय," एवढ्यावर. त्याचे किती रुपये लिहायचे? म्हणून गाडी घेतली ती चूक, असं मी म्हणत नाही. मला खटकलं ते वेगळंच. समजा पुन्हा तशी रात्र आली आणि हे परगावी असले, तर? दारात सहा लाखांची गाडी आणि मी पुन्हा भाऊंचं दार वाजवणार!

त्या आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय वर्षं सेहेचाळीस.

पहिले दोन दिवस ह्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, तो सोडून द्या. अनुभवाचे बोल सांगते, नवऱ्याकडून गाडी शिकू नये. संसार मोडेल. ड्रायव्हिंग स्कूलचा मुलगा माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, पण त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, त्यामुळे त्याचाही जीव थाऱ्यावर आणि माझाही. "मॅडम, हाफ क्लच... हाफ... अहो सोडू नका!" असं करत पंधरा दिवस गेले. चढावर गाडी मागं सरकायला लागली की मी डोळे मिटायचे. तो म्हणाला, "डोळे मिटून चालत नाही मॅडम." वर्गात मी रोज पोरांना हेच सांगते.

लर्निंग लायसन्सची परीक्षा आता आधार कार्डावरून घरबसल्या कॉम्प्युटरवर देता येते. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, बाकी फार कटकट नाही. लर्निंगला सहा महिन्यांची मुदत असते आणि महिना झाल्यावर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. त्यासाठी आमच्या तालुक्यात आरटीओचा कॅम्प लागतो. रांगेत मी सोडून सगळी पोरं. एकजण म्हणाला, "काकू, मुलाला सोडायला आलाय का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, मीच आहे मुलगा." लायसन्स मिळालं. तीस ते पन्नास वयात काढलेलं दहा वर्षं चालतं, म्हणजे माझं छप्पन्नपर्यंतचं काम झालं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, एसटीच्या स्टिअरिंगवरही बाई बसली होती. तिच्यापुढे माझी ही खेळण्यातली गाडी ती काय!

एक गोष्ट मात्र मला लायसन्स हातात आल्यावर कळली, ती तुम्ही आधीच विचारून घ्या. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी. आमची गाडी ह्यांच्या नावावर, कारण शोरूममध्ये नाव कुणाचं लिहायचं हे कुणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही. पैसे माझे, हप्ता निम्मा माझा, आणि मी चालवताना काही झालं तर तो विमा मला लागू नाही. मग मी माझ्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढली. गाडी घ्यायच्या दिवशीच तोंड उघडलं असतं तर एवढं करावं लागलं नसतं.

पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन शाळेत गेले तो दिवस मी विसरणार नाही. चौतीस किलोमीटरला दीड तास लागला, एसटीपेक्षा जास्त! एसटीच मला ओलांडून पुढे गेली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं हॉर्न वाजवून हात केला. शाळेच्या फाटकापाशी मुली उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "बाई, सर कुठायत?"

त्यानंतर मी आठवड्यातून तीन-चार दिवस कारनं जायला लागले. ह्यांनी पतसंस्थेला मोटारसायकल काढली, थोडी कुरकुर झाली, मग सवय झाली. पेट्रोल मी सोसत होते. सुख होतं हो, नाही कसं म्हणू? पावसात भिजणं नाही, स्टँडवरचं ते स्वच्छतागृह नाही, जादा तास घेतले तरी घड्याळाकडे बघणं नाही.

आणि मग २०२५ च्या जूनमध्ये संध्याकाळी साडेपाचची आमची गाडी बंद झाली.

फलकावर साधी चिठ्ठी, फेरी रद्द. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "भारमान नाही." भारमान म्हणजे गाडीत किती प्रवासी बसले त्याचं प्रमाण. रिकामी गाडी डोंगरात पाठवून डिझेल कोण जाळणार? हिशेबानं त्यांचंही खरं. साडेपाचची गेली, आता थेट सव्वासातची. वरच्या वाडीच्या मुली दोन तास कुठं बसणार? शाळेला पाचला कुलूप लागतं. फाट्यावर टपरी, टपरीवर कोण असतं ते मी सांगायला नको. पुन्हा वडाप, पुन्हा आईबापांचे पडलेले चेहरे. मला ते चेहरे ओळखीचे होते.

आम्ही चार शिक्षिका, अंगणवाडीच्या दोघी ताई आणि काही पालक असे अर्ज घेऊन आगारात गेलो. साहेब बोलायला चांगले होते. अर्ज वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः येता का ह्या गाडीनं?"

मी गप्प. आमच्यातल्या एका बाईंनी स्कूटर घेतलेली, दुसरीला नवरा सोडतो, तिसरी सहकाऱ्याच्या गाडीतून येते. गेल्या दोन-तीन वर्षांत आम्ही रोजच्या तिकीटवाल्या सात-आठ जणी एकेक करून त्या गाडीतून उतरलो होतो. उरल्या कोण? पासवाल्या मुली, एखादी म्हातारी, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावशी. त्यांच्या जोरावर कुणाचं भारमान भरतं? मला संपात लग्न झालेली ती मुलगी आठवली. तेव्हा मी म्हटलं होतं, गाडी नव्हती म्हणून झालं. ह्या वेळी गाडी का नव्हती, त्यात मीही थोडी होते.

साहेबांनी फेरी प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा सुरू केली. दर तीन महिन्यांनी भारमान बघणार आणि मग ठरवणार. परत येताना फाट्यावर चहा घेत आम्ही आपसात ठरवलं. स्कूटरवाल्या बाई पावसाळाभर गाडीनं येणार. मी कार आठवड्यातून एकदाच आणणार, बुधवारी, कारण त्या दिवशी दहावीचा जादा तास असतो आणि परतायला सात होतात. बुधवारी परतताना वाडीच्या मुली मागच्या सीटवर असतात, दप्तरं मांडीवर घेऊन, चौघी. पण माझ्या गाडीत चार मावतात, एसटीत चाळीस. शिवाय मी आजारी पडले, माझी बदली झाली, तर बुधवारही गेला.

घरी सांगितलं तेव्हा हे हसले. "एवढं शिकलीस, आता परत एसटी?" मी म्हटलं, "किल्ली खुंटीवर राहू दे. लागेल तेव्हा मी घेईन, लागेल तेव्हा तुम्ही घ्या." आता आमच्या दारामागे खुंटी आहे. ज्याला गाडी हवी त्यानं आदल्या रात्री सांगायचं. मार्चमध्ये सासूबाईंना पुन्हा रात्री त्रास झाला, हे पुण्याला गेलेले. मीच नेलं. घाटातल्या वळणावर त्या मागून म्हणाल्या, "हळू गं, मला काही एवढी घाई नाही."

पहिले तीन महिने निघाले. आगारात विचारून आले, भारमान आधीपेक्षा बरं आहे, पण अजून पुरेसं नाही म्हणाले. पुढचे तीन महिने बघू म्हणाले. मावशींना हे सगळं मी गाडीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाटीतली मेथीची जुडी काढून माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, "मग सरका की तिकडं, वाडीच्या पोरीला बसू द्या."